ताईच्या लॅपटॉपची रॅम

चांदवडला राहणारी माझी थोरली बहीण लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. दाजी शूटिंग करून आणतात आणि ताई घरी बसून ते कापते, जोडते, गाणी टाकते. तिचा लॅपटॉप मीच निवडून दिला होता. दुकानात तिला एक जाडजूड पसंत पडला होता, पण मी पातळ, देखण्यावर अडून बसलो. "आत्ता आठ जीबी पुरे. पुढे लागली तर रॅम वाढवता येते," असं ठणकावून सांगितलं. कॉम्प्युटरमधलं मलाच कळतं असा आमच्या घरात समज होता, आणि तो मी कधी मोडू दिला नव्हता.

यंदा लग्नसराईच्या तोंडावर तिचा फोन आला. "हळदीचा व्हिडिओ लावला की लय अडकतंय रे. वाढवता येते म्हणाला होतास ना?"

रविवारी मी इंदिरानगरहून रॅमची सोळा जीबीची पट्टी घेऊन चांदवडला निघालो. आठची घ्यावी की सोळाची, स्पीड कुठला, यावर दुकानात बराच घोळ घातला होता. दुकानदाराने लॅपटॉपचं मॉडेल विचारलं तेव्हा मात्र "मला माहितीये सगळं" म्हणून त्याला गप्प केलं होतं.

ताईने जेवणाचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. शेजारच्या काकूही बघायला आल्या होत्या. मी स्क्रू काढले, खालचं झाकण उघडलं आणि पट्टी बसवायची खाच शोधू लागलो. खाच नव्हतीच. रॅमच्या चिप थेट बोर्डालाच सोल्डर केलेल्या होत्या. तरी उगाच मोबाइलचा टॉर्च मारून इकडेतिकडे पाहिलं.

"कुठं बसती ती?" दाजींनी विचारलं.

"यात जागाच नाहीये."

"म्हंजी वाढतच नाय?"

मान वर करवेना. तेवढ्यात ताई म्हणाली, "माझंच चुकलं. यानं दुसरा दाखवला होता, मीच म्हटलं हलका पाहिजे."

"तुझे नखरे लय," म्हणत दाजी उठून बाहेर गेले. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खाली मान घालून स्क्रू पिळत राहिलो.

काकू गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन ताईला विचारलं, "असं कशाला सांगितलंस?"

"मग काय, शेजारणीसमोर तुझं हसं होऊ देऊ?" पोळी लाटता लाटता ती म्हणाली. "चल, जेवायला बस."

जेवून निघताना अंगणात दाजींना गाठलं आणि लॅपटॉप माझ्याच हट्टाने घेतला होता हे सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी घरी आल्यावरच ती बोलली होती, जाडवाला आवडला होता म्हणून. तिनं झाकलं, मग मी कशाला उघडू?"

पुढच्या रविवारी माझा घरचा डेस्कटॉप गाडीत घालून नेला आणि ताईला जोडून दिला. आता तिचं काम अडत नाही. भावाने स्वतःचा कॉम्प्युटर आणून दिला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते. मी तिथे असलो तर काहीतरी निमित्त काढून उठतो.