जवसाचं तेल प्यालेली चेन

गाडीचा गिअरबॉक्स गेला असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलंच नाही. गाडी रोज मी चालवत होते. पण निदान केलं माझ्या दिरानं, ओट्यावर बसून, बशीत चहा ओतता ओतता. मी शेतातून येऊन अंगणात वळले, मागून खडखडाट झाला, गाडीनं एक झटका खाल्ला, आणि तेवढ्यावर त्याचं काम भागलं.

"वैनी, गेलं याचं गिअरबॉक्स. बाईमानसाच्या हाती मोटरसायकल देल्ली का असंच होते. क्लच दाबाले बी अक्कल लागते."

आम्ही वलगावच्या पुढच्या एका खेड्यातले. घरची थोडी काळी जमीन, तीत झेंडू, शेवंती आणि वांगी. पंप उचलताना यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, मणका सरकला आणि डॉक्टरांनी दुचाकीवर बसायला बंदी केली. मोटरसायकल अंगणात उभी राहिली. ती मी बाहेर काढली. लोक म्हणाले, स्कूटी घे, बाईला शोभते. स्कूटीवर झेंडूची मोठी गाठोडी राहत नाहीत, आणि पावसाळ्यात आमच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीच्या चिखलात स्कूटी घालायची म्हणजे ती तिथंच पेरून यायची. मी नवऱ्याची जुनी पॅन्ट साडीखाली चढवली, पदर कमरेला खोचला आणि किक मारली. गावानं तोंडाला पदर लावून हसायचं तेवढं हसून घेतलं. मला काही फरक पडला नाही असं मी तेव्हा सांगत असे. पडला होता, पण तो मी कुणाला दिसू दिला नाही.

अमरावतीला अंबादेवीच्या रस्त्यावर नवरात्रात फुलंवाल्या बसतात. तिथं माझी एक जागा आहे. ती कुणी मला लिहून दिलेली नाही. पहाटे जी आधी येऊन पोतं अंथरेल तिची ती जागा, आणि मी माझ्या गाडीवर सगळ्यांच्या आधी पोचते. माझा दीर पिकअप चालवतो, गावचा माल गोळा करून अडत्याकडे टाकतो. मोटरसायकल गेली की माझी फुलं त्याच्या पिकअपमध्ये पडणार, अडत्या म्हणेल तो भाव घ्यायचा आणि मी घरात भाकऱ्या थापायच्या. भाकरीशी माझं वैर नाही. पण गिऱ्हाइकाशी भाव करायला, हार गुंफता गुंफता चार शब्द ऐकवायला आणि ऐकायला मला आवडतं. ते माझं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलेलं. मंगळवारी दिरानं सांगितलं की त्याच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक आहे, येत्या रविवारी गाडी पाहायला येईल. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान हलवली. आमच्या घरात त्यांची मान हलली की ठराव पास.

"गाडी इकाची नाई," मी म्हटलं.

दिरानं चहाची बशी तोंडाला लावली.

माझं माहेर अकोल्याचं. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि शाळा सुटली की माझं दप्तर त्या दुकानातल्या खिळ्याला अडकवलेलं असे. चेन, दाते, कड्या यांच्याशी माझी ओळख पाढ्यांच्या आधीची. तेव्हा दुसऱ्या दिवशी दीर पिकअप घेऊन गेल्यावर मी गाडी डबल स्टँडवर चढवली आणि समोर फतकल मारून बसले.

ओसरीतल्या खाटेवर पडल्या पडल्या यांनी विचारलं, "काय करून राहिली?"

"गिअरबॉक्सले न्याय देऊन राहिली."

इंजिन चालू करून मी एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे नीट बसत होते, नीट निघत होते. आणि रस्त्यावर झटका तर पहिल्यात बसायचा तसा चौथ्यातही बसायचा. सगळे गिअर एकाच आठवड्यात एकमतानं बिघडत नाहीत. इंजिन बंद केलं, मागच्या चाकावरच्या मोठ्या दातेरी चकतीच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरली आणि ओढली. धड चेन दाताला चिकटून बसते. ही चांगली अर्धा दात उघडा टाकून बाहेर आली आणि मधून पलीकडचं अंगण दिसलं. चकतीचे दात झिजून विळ्याच्या टोकासारखे एका अंगाला वाकलेले. चेन ताणायचा बोल्ट शेवटच्या खुणेला जाऊन टेकलेला, म्हणजे आणखी ताणायला जागाच उरली नव्हती. चाक हातानं फिरवलं तर चेन एका ठिकाणी ताठ, दुसऱ्या ठिकाणी लोंबती. वजन पडलं की ती दातांवरून उडी मारत होती आणि तोच आमचा झटका.

गिअरबॉक्सची निर्दोष सुटका झाली. पण चेन एवढ्यात झिजली कशी, हे मला कळेना. मी चेनवरचं अर्धं झाकणही काढलं. कड्यांवर काळा कडक थर होता, नखानं खरवडला तरी निघत नव्हता. वंगण असं वाळत नाही. मी बोट नाकाशी नेलं आणि मला जवसाचा वास आला.

बैलजोडी विकल्यापासून मामाजींना करमत नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकणारा, बैलबंडीच्या आसाला स्वतःच्या हातानं तेल देणारा माणूस तो. हाताला काम राहिलं नाही तेव्हा त्यांनी माझी मोटरसायकल धरली. दर रविवारी सकाळी उकिडवं बसून, पिसानं, घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल ते चेनच्या एकेका कडीला लावायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव रमतो, रमू दे. औताच्या लाकडाला जवसाचं तेल उत्तम, कारण ते लाकडात मुरतं आणि वाळून घट्ट बसतं. चेनच्या बाबतीत तेच नडलं. कड्या अकडल्या, वरून पांदणीतली काळी धूळ चिकटली आणि तो लगदा रोज दात घासत राहिला. त्यांनी फार मायेनं लावलं होतं. आणि तरी मला असा संताप आला की हातातला पाना मी अंगणात फेकून दिला. कारण दोष माझ्या क्लचवर आला होता.

मी यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाबाले नको सांगू. त्याइले लागंन."

"अन् मले लागलं ते?"



अमरावतीच्या दुकानात मी चेन आणि दोन्ही चकत्यांचा पूर्ण सेट मागितला. दुकानदार म्हणाला, "ताई, नुसती चेन टाकून घ्या, चालून जाते. नाई तं दादाले पाठवा, मी समजावून सांगतो." मी म्हटलं, दादा खाटेवर आहेत, मलाच समजावून सांगा. तो काही समजावेना. झिजलेल्या दातांवर नवी चेन घालणं म्हणजे ती चेनही खड्ड्यात घालणं, हे त्यालाही ठाऊक असणार. माझ्या जुन्या मॉडेलचा सेट त्याच्याकडे होता तो पातळ पत्र्याचा, हातात घेतला की कळावा असा. तो मी घेतला नाही.

घरी येऊन मी मागचं चाक काढलं, पुढची लहान चकती उतरवली, दोन्ही चकत्या आणि चेन पिशवीत घातल्या आणि शनिवारी सकाळी अकोल्याची बस धरली. गाडी अंगणात विटांवर टेकवलेली, तिला मागचं चाक नाही. निघताना दिराचा आवाज आलाच, "आता तं भंगारवालाच नेईन बापा हिले!"

अकोल्यात वडिलांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मी तिकडे फिरकले नाही, वेळ नव्हता. स्पेअर पार्टच्या मोठ्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं आधी माझ्या मागं पाहिलं, सोबतचा पुरुष शोधत. मी दोन्ही चकत्या त्याच्या काचेवर आदळल्या, जरा जास्तच जोरात. "याच्यासारकाच सेट. दात मोजून द्या." त्यानं निमूटपणे दात मोजले. मी पुन्हा मोजले. येताना बसमध्ये तो जड खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि शेजारच्या बाईनं विचारलं, मिठाई का? मी हो म्हटलं.

दुपार कलायच्या आत मी कामाला बसले. आधी रॉकेल आणि ब्रशनं सगळा जुना लगदा काढला. पुढची चकती बसवली, मागचीचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले, चाक घातलं, चेन फिरवून आणली आणि तिची टोकं जोडणारं लॉक लावलं. यांनी खाटेवरून विचारलं, "लॉकचं बंद तोंड कुठी?" मी म्हटलं, चेन जिकडे धावते तिकडे. "मंग बरोबर," म्हणाले. दोन बोटांएवढी ढील ठेवली, गिअर ऑईलचा हात फिरवला, जास्तीचं फडक्यानं पुसून काढलं. मामाजी ओट्यावरून सगळं पाहत होते. आपली तेलाची बाटली कुणी मागितली नाही, हे त्यांना जाणवलं असावं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट, डोळ्यांवर चष्मा सरकवून गाडीभोवती फिरलं.

"गिअरबॉक्सचं काम हाय म्हनते ना?" त्यानं दिराला विचारलं.

मी म्हटलं, "गिअरबॉक्स ठणठणीत हाय. चेन अन् दोन्ही चकत्या गेल्या होत्या, मी बदलून टाकल्या. अन् गाडी इकाची नाई."

"वैनी, तुमी घरात व्हा," दीर म्हणाला. "तुमच्या हातानंच खराब झाली थे."

यांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं. नको सांगू, असं ते पाहणं होतं. पण मी आता थांबणारी नव्हते. "माह्या हातानं नाई झाली. चेनले जवसाचं तेल लागत गेलं, थे वाळलं, त्याच्यावर धूळ बसली, अन् त्यानं दात खाल्ले."

मामाजींचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण बोललेला शब्द मी मागं घेतला नाही.

"माह्या बंडीचं चाक कदी करकरलं नाई त्या तेलानं," ते हळू म्हणाले.

"बंडीले चेन नसते, मामाजी."

गिऱ्हाइकानं घसा खाकरला. "एक चक्कर मारून पाहतो." दिरानं खुंटीकडे पाहिलं, चावी तिथं नव्हती. ती माझ्या कमरेला होती.

"पाहाची आसन तं मागं बसा, मी दाखवतो," मी म्हटलं. तो दिराकडे पाहून हसला. बाईच्या मागं बसायला तो काही तयार होईना.

तेव्हा मामाजी उठले. टोपी घातली, आले आणि धोतर सावरून माझ्या मागं बसले. ते याआधी कधीही माझ्या गाडीवर बसलेले नव्हते. "चाल," म्हणाले, "खरं का खोटं थे पाहू."

मी त्यांना पांदणीनं शेतात नेलं. सकाळी तोडलेल्या झेंडूची गाठोडी दोन्ही बाजूंना बांधली, त्यांना पुन्हा बसवलं आणि डांबरी रस्त्यावर चढायच्या त्या उभ्या चढावर आणलं, जिथं रोज गाडी माझा जीव काढायची. चेननं काही चुकीचं केलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. गाडी एका दमात वर आली, कसलाही आवाज न करता. मामाजींनी सीटची कड घट्ट धरली होती.

अंगणात उतरल्यावर दिरानं विचारलं, "मंग, बाबा?"

मामाजींनी टोपी काढली, डोकं पुसलं. "गाडी इकाची नाई," ते म्हणाले.

झालं, सगळ्यांचे चेहरे सैलावले. घराचा निर्णय झाला होता. दीर गिऱ्हाइकाला म्हणाला, "आता बाबाच नाई म्हनते तं मी काय करू?" यांनीही सुटकेचा श्वास टाकला. मी गप्प राहिले असते तर सगळं गोडीनं मिटलं असतं.

"मामाजी," मी म्हटलं, "हे तुमी आता म्हनून राहिले. मी मंगळवारपासून म्हनून राहिली. गाडी कोनाच्या म्हनन्यानं राहिली, थे पाव्हण्याले सांगा."

दिरानं कपाळाला हात लावला. यांनी डोळे मिटून घेतले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी नजर खाली घातली नाही. मग ते गिऱ्हाइकाकडे वळले आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई नाई म्हनते."