सुईच्या टोकाला अडकलेला धागा

बेळगावच्या खासबागेतल्या लॅबमध्ये मंगल गुरवला मारलं तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर बाकावर बसलो होतो. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, अनगोळला राहतो, आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासायला तिथं जायचो. मारहाण सुरू झाल्यावर मी काय केलं ते आधीच सांगून टाकतो. मी बाकामागं खाली बसलो आणि डोक्यावर पिशवी धरली. पुढचं काही मी तिथून पाहिलं, काही मंगलनं नंतर सांगितलं.

मंगल खानापूरकडच्या भातशेती करणाऱ्या घरातली. बेळगावात शिकली आणि याच लॅबमध्ये चौदा वर्षं कामाला होती. डॉक्टर विद्युल्लता लॅबच्या मालकीण. सकाळी येऊन सह्या करून जायच्या. बाकी सगळं मंगलच्या हाती. मोजकं बोलणारी, जरा तुसडीच म्हणा, पण रक्त काढताना दुखू द्यायची नाही.

तिथं रक्त तपासायचं टेबलाएवढं मशीन होतं. वरच्या चकतीत नळ्या लावायच्या. एक पोकळ सुई खाली उतरायची, नळीतलं रक्ताचं पिवळं पाणी मोजून ओढायची, बाजूच्या खणात सोडायची, त्यावर औषध सोडायची. मग मशीन आकडा काढायचं. एका तपासणीला थेंबाचा अगदी बारीक हिस्सा लागतो. तेवढा पुरता पडला तर आकडा खरा, कमी पडला तर आकडाही कमी येतो. सुई कुठं अडली तर मशीन शिट्टी द्यायचं. पण मशीन जुनं झालं तशी ती शिट्टी उगाचच दिवसातून वीसदा वाजू लागली. मंगलनं डॉक्टरांना विचारून ती बंद करून ठेवली होती.

त्या दिवशी शेजारच्या गल्लीतल्या नर्सिंग होममधून मालुबाईचं रक्त आलं. मालुबाई चिकोडीकडच्या खेड्यातली पासष्ट वर्षांची बाई, तीन दिवस उलट्यांनी आडवी झालेली. रक्तातलं पोटॅशियम किती आहे ते लगेच हवं होतं. नळीतलं रक्त नीट गोठायला अर्धा तास ठेवावं लागतं. तेवढ्यात नर्सिंग होममधून चारदा फोन आला. मंगलनं घाई केली, वीस मिनिटांतच नळी फिरकीच्या यंत्रात गरगर फिरवली आणि पिवळं पाणी वर येताच मशीनला लावली. अकराला रिपोर्ट गेला, पोटॅशियम फारच कमी. त्या नळीतल्या इतर तपासण्याही कमीच आल्या होत्या. म्हातारी उपाशी आहे, असं समजून मंगलनं ते सोडून दिलं. रिपोर्ट पाहून तिकडं पोटॅशियमची सलाईन लागली.

साडेबाराला मालुबाईची नाडी चुकू लागली. तिथल्या डॉक्टरनं नातेवाइकांना सांगितलं की पोटॅशियम घसरलंय, रिपोर्ट लवकर आला असता तर बरं झालं असतं. मुलगा विक्रम यानं त्यातलं एवढंच ऐकलं की लॅबनं उशीर केला. तो दोन चुलतभावांना घेऊन निघाला. मागोमाग त्याची बहीण दिपाली.

आत येताच त्यानं दाराशी टेकवलेला शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला आणि काउंटरची काच फोडली. मंगल आतून बाहेर आली. कुणाचे कोण, काय झालं, एवढं विचारायलाही तिला वेळ मिळाला नाही. एका चुलतभावानं तिच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आदळली. दुसऱ्यानं प्लॅस्टिकची खुर्ची उचलून तिच्या पाठीत घातली, खुर्चीचा पाय मोडला तरी तो मारतच राहिला. रक्त द्यायला आलेली माणसं एकमेकांना तुडवत बाहेर पळाली. रॅकमधल्या नळ्या फुटल्या. फरशीवर कुणाकुणाचं रक्त आणि त्यात तिच्या नाकाचं रक्त पसरलं.

"माझी आई तिकडं नर्सिंग होमात मरायलीय, आन तुमी हितं बसून खेळायलाय," विक्रम म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

तो लोखंडी आकडा घेऊन मशीनकडं वळला. पहिल्या घावात झाकण फुटलं, दुसऱ्यात चकती उडाली. मशीन वाचवायला मंगलनं हात पुढं केला. तिसरा घाव तिच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी बाकामागं ऐकला.

ती मशीनच्या पायाशी पडली. फुटलेल्या झाकणातून सुईचा दांडा वाकून खाली लोंबत होता, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. सुईच्या टोकाला पांढरट, चिकट, बोटाच्या पेराएवढा धागा अडकला होता. रक्त पुरतं गोठायच्या आत नळी फिरवली की पिवळ्या पाण्यात असे धागे राहतात. त्या दिवशी घाईनं फिरवलेली नळी एकच, मालुबाईची. धागा सुईत अडकला होता, म्हणून पाणी कमी ओढलं गेलं होतं. रिपोर्टातला आकडा खोटा होता. मालुबाईचं पोटॅशियम कमी नव्हतंच, कदाचित जास्तच असेल, आणि तिला आणखी पोटॅशियम चाललं होतं.

मंगल मला नंतर म्हणाली, तिला एवढं कळायला एक श्वासही लागला नाही. आणि हेही कळलं की हे बोललं तर इथंच जीव जाईल.

"रिपोर्ट चुकलाय," ती खालूनच म्हणाली. "सलाईन बंद करा."

विक्रमनं तिच्या कुशीत लाथ घातली. आधी उशीर, आता चूक, असं काहीसं तो म्हणाला. तिनं पुन्हा तेच सांगितलं, त्यानं पुन्हा लाथ घातली. चुलतभाऊ तिला केसांना धरून ओढू लागला. दिपाली दारात उभी होती, हातात मोबाईल. मंगल गुडघ्यांवर सरकली, डाव्या हातानं दिपालीची वेणी पकडली आणि हिसडा देऊन तिला खाली ओढलं. दिपाली फरशीवरच्या काचांत गुडघ्यांवर पडली. मंगलनं तिचं तोंड आपल्या तोंडाशी आणलं.

"नर्सला फोन लाव. पोटॅशियम बंद कर म्हणाव, आत्ताच. मग मला मार."

विक्रमनं वेणी सोडवायला मंगलच्या मनगटावर लोखंडी आकडा मारला. तिनं सोडली नाही. दिपालीनं फोन लावला. भावाकडं न बघता, रडत, तिनं नर्सला शब्दन् शब्द सांगितला. नर्सनं डॉक्टरला बोलावलं, सलाईन बंद झाली, दुसरीकडं रक्त धाडलं गेलं. पोटॅशियम पाचापर्यंत चालतं, ते सहाच्या वर निघालं. डॉक्टरनं लगोलग ते उतरवायचा उपचार सुरू केला.

तोवर पोलीस आले. विक्रमला नेताना त्याच्या शर्टावर रक्त होतं, आणि आई जिवंत आहे की नाही हे तो शिपायाला कानडीतून पुन्हा पुन्हा विचारत होता.

मालुबाई अकराव्या दिवशी चालत घरी गेली. मंगल महिनाभर पडून होती. दोन बरगड्या, डावं मनगट, उजवा हात. उजवा अंगठा पुन्हा वळलाच नाही.

ती दवाखान्यात असताना विद्युल्लताबाई येऊन बसल्या. मशीनचा चुराडा झालाय, आता कुणालाच काही कळणार नाही, रिपोर्ट बरोबर होता एवढंच सांग, असं त्यांनी समजावलं. त्याही घाबरल्या होत्या. जबाब घ्यायला फौजदार आला तेव्हा मंगलनं सगळं सांगितलं. नळी घाईनं लावली तेही, आणि शिट्टी बंद केली तेही. फौजदारानं कानडीत लिहून घेतलं. मंगलनं कागद वाचला. शिट्टीची ओळ गळली होती. ती घालून घेतली, मग प्लॅस्टरमधल्या डाव्या हातानं कशीबशी सही केली. लॅबनं तिला परत बोलावलं नाही.

आता ती निपाणीच्या एका लॅबमध्ये आहे. हातानं थेंब मोजायची पिचकारी अंगठ्यानं दाबावी लागते, ती तिला जमत नाही. मशीनचंच काम करते. प्रत्येक नळी उजेडात धरून, तिरपी करून बघते. लोक उशीर झाला म्हणून कुरकुरतात, तिला फरक पडत नाही.

केस बेळगावच्या कोर्टात चालू आहे. मीही साक्षीदार आहे, निदान तेवढं तरी मी केलं. मागच्या तारखेला जामिनावर सुटलेला विक्रम आईला घेऊन आला होता. मालुबाईनं आवारात मंगलचे पाय धरायचा प्रयत्न केला. मंगल मागं सरली. मग मालुबाईच्या गावातले दोघं-तिघं मध्ये पडले. तुझ्यामुळंच म्हातारी जगली, पोराचंही भान सुटलं होतं, आता मिटवून टाक, असं त्यांचं म्हणणं. विक्रम मान खाली घालून उभा होता.

मंगलनं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"चूक माझी हुती, ती मी लिहून दिलीया. त्यांची आई वाचवली ते माझं कामच हुतं," ती म्हणाली. "ह्यांनी मला मारलं, ते कुणाचं काम न्हवतं. केस मी मागं घ्यायची न्हाय."

मालुबाई मुलाकडं बघत राहिली. शिपायानं नाव पुकारलं तशी मंगल आत गेली. वकिलानं सांगितल्यावर तिनं उजवा हात न्यायाधीशांसमोर उचलून दाखवला. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.