गव्हाणीतला उरलेला कडबा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या पोरींना नाही — देवापुढं हात जोडले तरी तेवढं वगळूनच बोलत आले. आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका.

निजामाचं राज्य होतं. वाटूरजवळ आमचं गाव. मी नवी सून, आणि गोठ्यात माझ्या माहेरानं, कुंभार पिंपळगावाहून, दिलेली म्हैस. सासूबाई येता-जाता तिला नावं ठेवायच्या — शिंगं वाकडी, धार बारीक. बोलायचं म्हशीला आणि लागायचं सुनेला.

त्या सुगीत आसपासच्या गुरांत बुळकांडीची साथ आली. सलोत्री, म्हणजे गुरांचा सरकारी डॉक्टर, चावडीपुढं सांगून गेला — आजारी जनावर वेगळं बांधा, त्याच्या तोंडचा चारा जाळून टाका. गावानं ठरवलं, ज्याच्या गोठ्यात आजार दिसेल त्यानं दारावर लिंबाचा डहाळा बांधायचा, म्हणजे तिकडं कुणी फिरकणार नाही. मीही बायकांत उभी राहून ऐकलं होतं.

आणि पहिला डहाळा कुणाच्या दारावर लागायला हवा होता? आमच्या. म्हशीच्या डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ, अंग तापलेलं. घरचे सगळे शेतात, गोठा माझ्या एकटीच्या हाती. मला कळलं नाही, असं म्हणू? कळलं होतं. पण सुनेच्या माहेरच्या म्हशीनं गावात रोग आणला, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची — मी गप्प बसले.

शेजारी साळूआत्या राहायच्या. नवरा नाही, एकच म्हैस, आणि बाळंतपणाला आलेली लेक. लेकीला दूध येत नव्हतं. तान्हं पोर त्या म्हशीवरच जगत होतं. आत्या रोज सकाळी आमच्याकडून ताक न्यायच्या, आणि आमच्या गव्हाणीत उरलेला कडबा आपल्या म्हशीला. त्या दिवशीही आल्या. मी त्यांना दारातच थांबवलं — आत आल्या असत्या तर म्हैस दिसली असती ना? आणि आज कडबा नाही म्हटलं असतं, तर का नाही, हेही सांगावं लागलं असतं. मग मीच भारा बांधला. लाळेनं ओला झालेला कडबा आत दाबला, कोरडा वर ठेवला — इतकी अक्कल मला होती. आणि भारा त्यांच्या डोईवर दिला.

आमची म्हैस वाचली. त्यांची गेली. पोर जगलं, पण आत्या वाटी घेऊन दारोदार दूध मागत फिरल्या. तोवर घरोघर डहाळे लागले होते, त्यांत आमचाही. पहिला कुणाचा, हे कुणी विचारलं नाही.

आत्यांना तर ते कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. त्या आठवड्यात त्या मिठासाठी वाटूरच्या बाजाराला जाऊन आल्या होत्या. "माझ्याच पायानं आली गं ती," भेटेल त्या बाईला सांगायच्या. "कशाला गेल्ते मी बाजाराला?" वर्षानुवर्षं मी ते ऐकलं. मान हलवत ऐकलं.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी पेज घेऊन गेले. त्यांनी माझा हात धरला.

"सूनबाई, माझ्यापायी तुमची बी म्हैस आजारी पडल्ती. मनात ठिवू नको."

"जाऊ द्या, आत्या," मी म्हणाले. "कवाच माफ केलं मी तुम्हाला."

त्यांनी माझा हात उचलून कपाळाला लावला.