सरळ दोरीनं मोजलेली वाट

माझ्या गवंडीकामाला कोणी नावं ठेवू नयेत. तीस वर्षांत माझी एकही भिंत ओळंब्याबाहेर गेलेली नाही. शाळा चौथीतच सुटली, पण उरलेलं मला दोरीनं शिकवलं, असं मी कोणी न विचारताही सांगत आलोय.

थोरल्या ताईचा फोन आला तेव्हाही मी हेच सांगत होतो. नऊ वर्षं आमची भेट नव्हती, आणि आता ती मुलीकडे समुद्रापलीकडे कायमची निघाली होती.

"मधल्या शहरात विमान बदलायचंय," ती म्हणाली. "दहाला उतरते. साडेबारापर्यंत बाहेर थांबेन, मग आत जावंच लागेल. येशील ना रे?"

"तू उतर तर खरी!"

लेकीचा शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला. एक टोक आमच्या गावावर, दुसरं शहरावर. दोरी ताणून पट्टीवर धरली. अडीचशे किलोमीटर.

"विमानाला अर्धा तास," मी जाहीर केलं. "आपल्या मोटरसायकलला पाच. साडेपाचला निघू, साडेदहाला हजर. दोन तास निवांत गप्पा."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "उडत जायचंय का?"

"दोरी खोटं बोलत नाही."

"नाही हो बोलत. पण बिचारीला रस्ता कुठे ठाऊक आहे?"

बायकोचं ऐकलं तर तो मिस्त्री कसला!

निघालो. पहाट छान होती, हवा गार होती, आणि माझी मान ताठ होती. पण तो रस्ता काही माझ्या हातचा नव्हता. डोंगर दिसला की वळसा घाली. नदी आली की पूल सापडेपर्यंत काठाकाठानं चाले, घाई नसलेल्या म्हाताऱ्या बैलासारखा. बरोबर साडेदहाला मैलाचा दगड आला. शहर पंच्याण्णव किलोमीटर.

"पोचलो वाटतं," मागे बसलेली बायको म्हणाली.

डोक्यावरून एक विमान गेलं, नाकासमोर, सरळ. मला त्याचा मनापासून राग आला.

विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. ताई बॅगेच्या दांड्याला धरून उभी होती. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून ती हसली.

"काय मिस्त्री, भिंत आडवी आली का?"

आता शहाण्या माणसानं काय करावं? बहिणीला जवळ घ्यावं, तब्येत विचारावी. मी तिला रस्ता समजावू लागलो. डोंगर कुठे लागला, पूल कुठे हवा होता, इंजिनियर कसा चुकला, माझी दोरी कशी बरोबर होती. हातवारे करून सांगितलं. चार मिनिटं गेली.

"अहो, गप्प बसा की!" बायको कळवळून म्हणाली.

ताईनं माझे सिमेंटनं फुटलेले दोन्ही हात हातात घेतले आणि नुसती बघत राहिली.

"तिकडे येशील?" तिनं विचारलं.

"किती लांब आहे?"

"विमानानं अकरा तास. तू मोजू नकोस. नुसता ये."

"येतो," मी म्हणालो. तीस वर्षांत न मोजता दिलेला हा माझा पहिलाच शब्द. ताई आत गेली तरी मी दारातच उभा होतो.