दोन दगड आणि सायकलची टपरी

मोजणीदार काकांनी चौतीस वर्षं सरकारी जमिनी मोजल्या. निवृत्तीला आठ वर्षं झाली, तरी रस्त्याने चालताना पावलं मोजायची खोड गेली नाही. मध्येच कुणी नमस्कार केला की आकडा विसरायचे आणि त्या बिचाऱ्यावरच डाफरायचे.

आमच्या भागातल्या सरकारी पट्ट्या जोडून पायवाटांचं सलग, हिरवं जाळं करावं म्हणून मी सहा वर्षं कार्यालयांचे उंबरे झिजवले. कालव्याचा काठ, बंद पडलेल्या रेल्वेची पट्टी, जंगलाची कड. जमीन लोकांची आणि लोकांनाच तिथे पाऊल टाकायला बंदी. शेवटी आराखडा झाला. एकच तुकडा अडला, कालव्यापासून रेल्वेच्या पट्टीपर्यंतचा. तिथे काकांच्या धाकट्या बहिणीची सायकल दुरुस्तीची टपरी होती. नवरा गेल्यापासून तिचं घर त्याच टपरीवर चालायचं. सायकलींसाठी वाट करायची आणि आडवी येते ती सायकलचीच टपरी. हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

हद्द काकांनीच मोजलेली, म्हणून आराखडेवाल्या मॅडमनी दगड दाखवायला त्यांनाच बोलावलं. खणलं तर दगड निघाले दोन. अकरा फुटांच्या अंतराने, आणि दोन्हींवर काकांच्याच छिन्नीची खूण. टपरी बाहेरच्या दगडापर्यंत बांधलेली, कारण पूर्वी काकांनीच बहिणीला तो दाखवला होता.

काका बघतच राहिले. मग आठवेल तसं सांगू लागले. रेघेत झाड आडवं आलं की बाजूला सरकायचं, तिथे तात्पुरता दगड रोवायचा, झाड ओलांडून पुन्हा रेघेवर यायचं आणि काम संपलं की तो दगड उपटायचा. इथला उपटायचाच राहिला होता. पण दोनांतला तात्पुरता कोणता? झाड तर कधीच गेलं. मॅडमनी यंत्र लावलं, तर त्याने रेघ दाखवली दोन्ही दगडांच्या बरोबर मधोमध. जुना नकाशाच एवढा चोख नाही, म्हणाल्या. घ्या आता.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण भांडायचं कुणाशी? अतिक्रमणं हटवा म्हणून ओरडून घसा बसवलेला माणूस मी, आणि तिथे उभं राहून मला वाटत होतं की बाहेरचाच दगड खरा निघावा. मनातल्या मनात स्वतःलाच एक शिवी हासडली.

काका दोन दगडांमध्ये येरझाऱ्या घालत होते. एकदा इकडे बोट दाखवायचे, एकदा तिकडे, मग दोन्ही हात खाली. शेवटी खणणाऱ्याला म्हणाले, "दोन्हींच्या खाली अजून हातभर खण."

पक्क्या दगडाखाली कोळसा पुरायची त्यांची रीत होती. दगड हलवला तरी कोळसा जागेवर राहतो, कुजत नाही. ही गोष्ट तिथे त्यांच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती. गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

कोळसा निघाला आतल्या दगडाखाली, म्हणजे टपरीचा पुढचा भाग सरकारी जागेत. काकांनी पंचनाम्यावर सही केली. बहीण ग्रीसने काळे झालेले हात पुसत जवळ आली.

"दादा, तेव्हा तू मला चुकीचा दगड दाखवलास."

"हो."

"आणि आज बरोबर दाखवलास."

"हो. का ते विचारू नकोस. माझं मलाच कळत नाहीये."

ती टपरीकडे बघत राहिली. दगडाच्या मागे तिची स्वतःची जागा उरत होती जेमतेम आठ फूट. मॅडम पर्यायी जागेबद्दल काहीतरी सांगत होत्या, मीही अर्ज लिहून देतो म्हणालो. तिने दोघांकडेही लक्ष दिलं नाही.

"मग टपरी किती मागे घ्यायची, ते तरी नीट मोज," ती दादाला म्हणाली.

काकांनी फीत लावली. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. चौथ्यांदा तिने फीत त्यांच्या हातातून काढून घेतली, टोक तेवढं त्यांना धरायला दिलं आणि आकडा स्वतः वाचला.