विहीणबाईंचं सैंधव

आमच्या विहीणबाईंइतकं मिठाला जागलेलं माणूस साऱ्या आखातात शोधून सापडणार नाही. साताऱ्याहून लेकीपाशी, म्हणजे मी मुलाकडे राहते त्या इथल्या रिफा गावातल्या घरी, राहायला आल्या तेव्हा बॅगेत साड्या चार आणि सैंधव आठ किलो. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर कुणी बाहेरून मीठ घेऊन येतंय, हे विमानतळावरच्या पोरीला पटेचना. तिनं खात्री करायला आणखी दोघांना बोलावलं.

पाकिटातलं मीठ त्यांच्या लेखी विष. "आयोडीन? अहो, गुडघा फुटल्यावर लावतात ते! पोटात कशाला?" मासळीचा वास नको, खोक्यातलं दूध मेलेलं, अंडं तर पापच. हे सगळं इतक्या ठामपणे सांगायच्या, की आपण आजवर जगलो कसे याचंच ऐकणाऱ्याला नवल वाटावं. ऐकणारी अर्थात मी. तेव्हा मी अजून आजी व्हायची होते, त्यामुळे अक्कलही यायची होती. जन्म रत्नागिरीचा, पण "विहीणबाई, कांती काय निवळलीय तुमची!" एवढ्या एका वाक्यावर मी सुरमई सोडली. वर्षा-दोन वर्षांत ठुशी गळ्याला बसेना, तर मनामा शहरातल्या सोनाराशी भांडले, पॉलिशला दिली तेव्हा मणी काढलेस म्हणून. तो बिचारा ठुशी दाखवतोय आणि मी सुजलेला गळा ताठ करून उभी!

विहीणबाईंचा गळा माझ्याही पुढे. मध्यभागी लिंबू ठेवावं तसा. दिवसभर थकवा, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. "एसी बाधतो मला," म्हणायच्या. एसी बंद असायचा.

मग सुनेला दिवस गेले. तिच्याबरोबर आम्ही दोघीही दवाखान्यात. केरळच्या डॉक्टरीणबाई तिला तपासता तपासता आमच्या गळ्यांकडेच बघत राहिल्या.

"आंटी, ये कब से है?"

"खानदानी है," विहीणबाई अभिमानानं म्हणाल्या. "मेरे आई को भी था."

"घर में नमक कौन सा है?"

"शुद्ध!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आम्हाला रक्ताच्या तपासण्या दिल्या, सुनेला गोळ्या, आणि सांगितलं की आईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. "वो नमक आज से खलास."

घराच्या दारात शिरताच विहीणबाईंनी जाहीर केलं, "या घरात माझ्या बरणीतलंच मीठ चालेल. कालची पोर मला शिकवणार!" सून रडवेली झाली. संध्याकाळी मी पदर खोचून भांडायलाच स्वयंपाकघरात गेले. बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. गुलाबी खडे सगळे कचऱ्यात. हातात बाजारच्या मिठाचं पाकीट, डोळ्यांजवळ धरून त्यावर 'आयोडीन' शोधत होत्या. सापडलं तसं पाकीट बरणीत रिकामं केलं.

मला पाहून म्हणाल्या, "सैंधव जरा बारीक दळून आणलंय."

"हो ना," मी म्हटलं. "कांतीही निवळलीय."

आयुष्यात एवढं एकच भांडण मी न भांडता सोडलं.

नातीनं जन्मताच असा टाहो फोडला, की बाहेर आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात, सुजेसकट. आता ती सात वर्षांची आहे. मराठीत एक विचारलं की इंग्रजीत चार उत्तरं देते. माझी ठुशी पुन्हा बसते. सोनाराची माफी तेवढी राहिलीय. विहीणबाईंचं लिंबू पुरतं गेलं नाही, पण शाल सुटली. त्या साताऱ्याला परतल्या, आणि त्यांच्याशिवाय या घरात मला हरवायला कुणी उरलं नाही.

दर शुक्रवारी फोन करतात. "माझं सैंधव आहे का हो अजून?"

"आहे की," मी सांगते, आणि नवं पाकीट फोडून बरणीत ओतते.