घाटकोपरचे सावंत काका

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! मुलीच्या नोकरीची वाट लावायला बापाला नुसता एक माईक पुरतो, हे मी मुलुंडच्या एका कॉलेजात जवळजवळ सिद्ध करून आलोय.

आमची गार्गी पदवीधर. दीड वर्ष अर्ज करून कंटाळली आणि त्या कॉलेजच्या हॉस्टेलवर राहून उद्योजकतेचा कोर्स करू लागली. मी चारकोपला एकटा. कोर्सच्या शेवटी परीक्षकांपुढे आपला धंदा मांडायचा. निवड झाली तर कॉलेजच्याच केंद्रात वर्षभर जागा आणि पगार. नाही तर पुन्हा अर्ज!

“बाबा, या नक्की. पण गप्प बसा हां!”

तिचा धंदा काय, तर एकट्या पुरुषांना घरी जाऊन स्वयंपाक शिकवायचा. पडद्यावर तिचं गिऱ्हाईक झळकलं : घाटकोपरचे सावंत काका, वय पासष्ट. बायको गेल्यापासून रोज खिचडी. भाजी कशी करायची, हे भाजीवाल्यालाच विचारतात. मुलीला फोनवर सांगतात, मस्त चाललंय.

सगळे हळहळले. मला पटेना. इतका बावळट माणूस असतो का हो कुठे? म्हटलं, पोरगी वाढवून सांगतेय, मार्क जातील. आपणच सावरून घ्यावं.

“कोणाला काही विचारायचंय?” परीक्षक बाई म्हणाल्या. माझा हात वर! लगेच माईक हातात आला.

“मॅडम, इतकंही वाईट नसतं. मीही एकटाच आहे. सुनंदाला जाऊन दोन वर्षं झाली. माझं काही अडत नाही.”

गार्गी हाताने ‘बसा, बसा’ करत होती. मला वाटलं, घाबरली बिचारी.

“काल काय जेवलात?” बाई.

“खिचडी.”

“परवा?”

“कालची परवाच केली होती ना!”

“आणि भाजी?”

“आणतो की! भाजीवाला नीट समजावून सांगतो.”

सभागृहात हशा! बाई गार्गीकडे वळल्या. “हे सावंत काका तुला भेटले कुठे गं?”

“घरीच, मॅडम.” आवाज अगदी बारीक. “नाव-गाव बदलायला सांगितलं होतं, म्हणून... बाबा आहेत ते माझे.”

मी जो खाली बसलो, तो त्या दिवसाचा निकाल लागेपर्यंत मान वर केली नाही. निवड झाली! बाई म्हणाल्या, गरज इतकी खरी आहे, की गिऱ्हाइकालाच तिचा पत्ता नाही.

निसटावं म्हणून दाराशी आलो, तर गार्गीच्या वर्गातली दोन पोरं आडवी.

“काका, उद्या आमचा नंबर आहे. विसराळू लोकांसाठी ॲप काढलंय. याल का प्लीज? काही करायचं नाही. नुसतं उभं राहून म्हणायचं, ‘मी काहीच विसरत नाही!’”